मंजुरीपर्यंत पेन्सिल

नानांच्या मुलीचा, शैलाचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला घरी चहाचं आधण ठेवलं होतं. "काका, नाना गेले…" एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. दुपारी जेवून नाना नेहमीसारखे आडवे झाले होते. माहेरी आलेली शैला चार वाजता त्यांना उठवायला गेली, तर अंग गार. असं मरण भाग्यात असावं लागतं, असं त्या संध्याकाळी बदलापूर गावात जो तो म्हणत होता. मला त्या भाग्याचा रागच आला. नऊ दिवसांपूर्वी मी त्यांच्यासमोर बसून एक कबुली देऊन आलो होतो, आणि त्यावर त्यांनी मला चार शिव्या घालाव्यात म्हणून अजून वाट बघत होतो. त्या आता राहिल्याच. हे चार शब्द लिहायला पाच आठवडे लागले त्याचं कारणही तेच आहे.

रघुनाथ गोडांबे, म्हणजे आमचे नाना, हे नाव तुमच्या कानावर आलेलं असण्याचं काही कारण नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेवर ड्राफ्ट्समनचं नाव कोरत नाहीत. पण अंबरनाथ-बदलापूरच्या अंगाने गेलेल्या कितीतरी रस्त्यांची, पुलांची पहिली रेघ या माणसाने मारलेली आहे. मी त्याच सरकारी कार्यालयात आवक-जावकचा कारकून म्हणून लागलो, आणि जागा अपुरी म्हणून माझं टेबल नानांच्या ड्रॉइंग बोर्डाला चिकटवलेलं होतं. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सावंत, टेबल हलवू नकोस. तुझं टेबल हललं की माझा रस्ता हलतो." पुढची वीस-बावीस वर्षं मी शिंक आली तरी आधी खुर्ची मागे घ्यायचो.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही प्रकल्प असो, वरून मंजुरीचं पत्र येईपर्यंत आखणीची रेघ पेन्सिलीचीच राहायची. मंजुरी म्हणजे तत्त्वतः वगैरे नव्हे, सही-शिक्क्याचं अंतिम पत्र. ते आलं की नाना साबणाने हात धुऊन यायचे, पेनात काळी शाई भरायचे आणि त्या पेन्सिलीवरून एका दमात शाई ओढायचे. तेवढा वेळ खोलीत कोणी बोलायचं नाही. चहा आलेला असला तरी शाई वाळेपर्यंत प्यायचा नाही. शेवटी ते करंगळी हलकेच टेकवून बघत, बोटाला काही लागलं नाही की म्हणत, "झालं. आता हा रस्ता आहे. घ्या चहा." तोवर चहा गार झालेला असे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "लोकांची घरं जातात रे, तुझा चहा गेला तर काय बिघडलं?"

ही पद्धत मला शिकवायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण मी सुरुवातीलाच माती खाल्ली होती. वांगणीकडच्या एका पाड्यावरचा म्हातारा कसल्यातरी दाखल्यासाठी कार्यालयात यायचा. मोठेपणा मिरवायला मी त्याला सांगून टाकलं की रस्ता तुझ्या भातखाचरातून जाणार आहे. पेन्सिलीची रेघ होती ती. त्याने घाबरून खाचर मिळेल त्या भावाला फुंकून टाकलं आणि पुढे रेघ भलतीकडूनच गेली. नानांनी मला बोलायचं तेवढं बोलून घेतलं आणि रविवारी हाताला धरून त्या पाड्यावर नेलं. चिखलातून तासभर चालत गेलो. म्हातारा ओटीवर बसला होता. नाना त्याच्या पाया पडले, मलाही पडायला लावलं. तो म्हणाला, "जाऊ द्या सायेब, ह्यो पोर हाय. पन खाचर ग्येला तो ग्येलाच." ते वाक्य मी कधी विसरलो नाही, आणि न विसरल्यामुळेच पुढे घात झाला.

नदीवरच्या नव्या पुलाचं आणि त्याच्या जोडरस्त्याचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा नाना पन्नाशी ओलांडून गेले होते. पुलाची जागा साहेब लोकांनी ठरवली. तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत रेघ न्यायची ती नानांनी. मी शेजारीच होतो. बदलापूर गावाच्या नकाशावर त्यांची पट्टी सरकत आली आणि एका घरापाशी थांबली. नानांनी पेन्सिल खाली ठेवली, टोक केलं, पुन्हा उचलली आणि रेघ त्या घरातून आरपार नेली. घर त्यांचंच होतं. मी म्हटलं, "नाना, जरा इकडून…" त्यांनी मान वर न करता विचारलं, "इकडे दामूचं घर आहे. तिकडे शाळा. सांग कुठून?" 

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी सुमनवहिनींना सांगितलं, "आपलं घर रस्त्यात जातंय. मीच घातलंय." वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मग नव्या घरात मला ओटा मिळेल ना उभ्याने स्वयंपाक करायला?"

वहिनींच्या या ओट्याची हकिगत सांगायलाच हवी. त्यांचे गुडघे चाळिशीतच दुखायला लागले होते. स्वयंपाकघर जुन्या वळणाचं, सगळं जमिनीवर. पाटावर बसायचं, एक पाय लांब सोडायचा आणि उठताना भिंतीला हात देऊन "आई गं" म्हणत उठायचं. नानांनी एकदा कार्यालयाच्या लिलावातलं टेबल आणून दिलं. त्यावर वहिनींनी भाकरी थापायला घेतली, तर पहिल्याच थापेला टेबल डुगडुगलं आणि पिठाची परात खाली. "हे तुमच्या नकाशांना ठेवा," म्हणून त्यांनी ते बाहेर काढलं. ओटा बांधायला गवंडी सांगायचा, तोच ही आखणी आली आणि नाना म्हणाले, "आता या घराला एक वीट लावायची नाही."

इतर गाव काय करत होतं ते मी डोळ्यांनी बघत होतो. मोजणीवाले येऊन खुणा करून गेल्याबरोबर मागे-पुढे खोल्या उठायला लागल्या, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. जितकं बांधकाम तितका मोबदला, हा हिशेब पोराटोरांना पाठ. दामू शेजारी एकदा कुंपणावरून म्हणाला, "नाना, तू सरकारी मानूस, तुला आमच्यापेक्षा जास्त ठावं. टाक की एक खोली मागल्या अंगाला, कोन इचारतंय?" नाना म्हणाले, "रेघ पण मीच मारायची आणि भिंत पण मीच घालायची काय रे?" खोलीचं ठीक होतं, पण एका ओट्याने कोणाचा मोबदला फुगणार होता? मी तसं म्हणालोही. तेव्हा ते म्हणाले, "आज बांधायचा आणि उद्या तिच्यासमोर फोडायचा… त्यापेक्षा नव्या घरात एकदाच होऊ दे." मग वहिनींना भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि त्या उंचीवर पट्टी धरून भिंतीवर नव्या ओट्याच्या उंचीची पेन्सिलीची बारीक रेघ मारली. वहिनी मला म्हणाल्या, "बघा हो भाऊजी, बायकोची पण मोजणी!" आम्ही तिघं खूप हसलो होतो.

पुढे मंजुरी येत राहिली आणि येत नाही राहिली. तत्त्वतः आली, तांत्रिक आली, मग त्रुटी काढून फाईल परत आली. दर एक-दोन वर्षांनी चौकात अभिनंदनाचे फलक लागायचे, फटाके फुटायचे. नाना दार लावून घ्यायचे. "पत्र आलं का?" एवढंच मला विचारायचे. वहिनी मात्र प्रत्येक फलकाला आशेने उल्हासनगरला जाऊन यायच्या. तिथे एका सिंधी फरशीवाल्याकडे त्यांनी ओट्यासाठी काळी कडप्पा फरशी पसंत करून ठेवली होती. मी एकदा त्यांच्यासोबत होतो. तो लांबूनच ओरडला, "आओ भाभी! मंजूरी आयी क्या?" वहिनी म्हणाल्या, "नहीं भाईसाब, अभी पेन्सिलमें है." त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण म्हणाला, "कोई बात नहीं, आपका पत्थर साइड में रखा है." नाना निवृत्त झाले, शैलाचं लग्न झालं, भिंतींचे पोपडे निघाले, पावसाळ्यात माजघरात पातेली ठेवायला लागली. घर पडायच्या वाटेने चाललं होतं आणि आम्ही सगळे त्याला तात्पुरतं म्हणत होतो.

आता माझी गोष्ट. नाना निवृत्त झाल्यावरही मी कार्यालयात होतो. सुधारित प्रस्ताव तयार झाला तो संगणकावर. आवक-जावकमधून तो माझ्या हातून गेला. मी नकाशा उलगडून पाहिला. गावठाणातली घरं वाचवण्यासाठी आखणी नदीच्या अंगाला सरकवलेली होती. नानांचं घर रेघेच्या चांगलंच बाहेर होतं.

त्या रविवारी मी बदलापूर गावात गेलो. वहिनी पाय लांब करून भाकऱ्या थापत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हटलं. नाना पुढच्या खोलीत होते. मी सुरुवात केली, "नाना, नवा प्रस्ताव वर गेलाय…" त्यांनी हात वर केला. "मंजूर झाला?" "नाही अजून." "मग मला सांगू नकोस. कार्यालयातून मंजुरीआधी बाहेर बोलायचं नाही, आणि मी आता बाहेरचा आहे." माझ्या डोळ्यांपुढे तो पाड्यावरचा म्हातारा आला. समजा सांगितलं, यांनी घर नीट केलं, ओटा घातला, आणि रेघ पुन्हा फिरली तर? मी गप्प राहिलो. आतून भाकरीच्या थापांचा आवाज येत होता. वहिनींनी गरम भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. ती मी खाल्ली. 

असं सात वर्षं चाललं. त्यातल्या पाचव्या वर्षी वहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं, चार दिवस अंबरनाथला दवाखान्यात होत्या. शेवटपर्यंत त्या जमिनीवर बसून रांधत होत्या. मी खांदा दिला, पण नानांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. आता सांगून काय होणार, असं स्वतःला समजावत आणखी दोन वर्षं काढली.

मग नाना जाण्याच्या नऊ दिवस आधी अंतिम मंजुरीचं पत्र निघाल्याचं मला जुन्या सहकाऱ्याने कळवलं. मी त्याच्याकडून पत्राची आणि नकाशाची प्रत घेतली आणि तडक नानांकडे गेलो. त्यांचा हात एव्हाना इतका कापायचा की चहाचा कप बशीत वाजत राही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, सही तपासली. मग भिंग घेऊन नकाशावर वाकले. आपलं घर त्यांनी लगेच शोधलं. रेघ शोधायला वेळ लागला.

"कधी सरकली?"

"सात वर्षं झाली, नाना. मला माहीत होतं."

 मीच बोलत सुटलो. सांगायला आलो होतो, तुम्हीच थांबवलंत, तो म्हातारा आठवला, वहिनी भाकऱ्या थापत होत्या… काय काय बरळलो. नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "बरोबर केलंस. मंजुरी नव्हती." आणि पुढे, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "तिला बसून बसून फार त्रास झाला रे."

मला शिवी हवी होती. त्यांनी मला शाबासकी दिली. इतकं वाईट मला आयुष्यात कोणी बोललेलं नाही. मला थांबवणारा नियम त्यांचाच होता, हे खरं आहे. पण नियम पाळताना समोर बसलेल्या बाईचे गुडघे मला दिसत होते, हेही खरं आहे. त्यांना दोष देऊन मी सुटू शकत नाही.

तेराव्याला बदलापूरला गेलो. मंडळी जेवून पांगली होती. शैला मला हळूच म्हणाली, "काका, जरा आत या. एक दाखवायचंय." स्वयंपाकघरात गेलो. "जायच्या आधी तीन दिवस त्यांनी माझ्याकडून ड्रॉइंगचं पेन मागवलं," ती सांगत होती. "उल्हासनगरात दोन-तीन दुकानं पालथी घातली तेव्हा मिळालं. मला वाटलं, मन रमवायला काढत बसतील काहीतरी. मला बाहेर बसायला सांगितलं. आधी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले…"

भिंतीचे पोपडे निघाले होते, पण त्या जागेपुरता कोणीतरी कपडा फिरवून भिंत साफ केली होती. वहिनींच्या कोपराच्या उंचीची ती पेन्सिलीची रेघ आता काळ्या शाईची होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. कप धरवत नव्हता त्या हाताने ती कशी ओढली, मला माहीत नाही. मी लहान मुलासारखा रडलो.  शैला खाली बसली, जमिनीवरच्या शेगडीवर चहा टाकला आणि कप माझ्या हातात देऊन भिंतीला हात देऊन उठली, अगदी आईसारखी.

मी कप तसाच धरून उभा राहिलो. "घ्या ना काका, गार होतोय," ती म्हणाली. मी पुढे झालो आणि रेघेवर करंगळी टेकवून बघितली. बोटाला काही लागलं नाही. मग मी चहा घेतला.