डावखुऱ्याची खोली

जोतिबाच्या डोंगरामागं बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली जुनी लेणी आहेत. तिथं पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. आमच्याकडं सगळेच सांगतात तसं मीही सांगून टाकलं, "पांडवांनी एका रात्रीत कोरली."

"कुणी सांगितलं?" मागून आवाज आला. दगडी ओट्यावर एक म्हातारा बसला होता. बोटं जाड, नखं फुटलेली. "जन्मभर पाटं-वरवंटं घडवलं पावणं. एका पाट्याला टाकी लावायला माझी सकाळ जाती. आनि ह्यो आख्खा डोंगर रातीत?"

रागानं उठून त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं, आतल्या खोलीत नेलं आणि माझा तळवा भिंतीवर दाबला. छिन्नीच्या तिरक्या रेघा हाताला लागल्या.

"भाईरच्या रेघा उजवीकडनं उतरत्यात, हितल्या उलट्या. हितला गडी डावखुरा हुता, माझ्यासारखा."

"पण त्याचं नाव कुठं माहीत आहे?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"नाव म्हाईत न्हाय म्हणून त्याचं काम भीमाच्या नावावर करायचं व्हय?"

त्यानंतर कितीदा तरी पाहुणे नेले. पांडव तोंडात आले की अजून मनगट दुखतं.