दारात परग्रहवासी

परवा जुन्या रेडिओच्या तापलेल्या धुळीचा वास आला आणि साठ सालच्या आसपासची बंगळुरातली एक संध्याकाळ आठवली. परग्रहावरच्या भुतांची नवी श्रुतिका ऐकायला गल्लीतले भक्त आमच्याकडे जमले होते. ऐन रंगात आमचं दार वाजलं. “अक्का, उघडू नका, तेच आलेत!” असं ओरडत कापडवाले अण्णा पलंगाखाली शिरले आणि बाकीचे शूरवीर त्यांच्या मागोमाग. आईने रेडिओ बंद करून दार उघडलं, तर शेजारची गरोदर बाई कळांनी विव्हळत होती. आईने एकटीने तिला टांग्यातून इस्पितळात नेलं आणि ती सुखरूप बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी अण्णा फुरंगटून म्हणाले, “स्वल्प चुकलंच तुमचं, अक्का. रेडिओ चालू ठेवायचा की! शेवट राहिला आमचा.” अशा रसिकांची मला अजूनही शिसारी येते.