मुठीत मावणारं कुत्रं

नेमसिंगला कुत्र्यातलं कळतं, हे आर्णीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचा. मुक्कामावर गोण्या राखायला तांड्याची कुत्री असायची आणि कोणतं पिल्लू ठेवायचं, कोणतं सोडून द्यायचं, हे आजाच ठरवायचा. पुढे लदेणी बंद पडली, तांडा गावाबाहेरच्या बरडावर कायमचा बसला आणि नेमसिंग सदाशिवरावांच्या गोठ्यावर सालदार म्हणून राहिला. आजाकडून त्याला ना बैल मिळाले ना जमीन. मिळाली ती एवढी पारख. गावात कुठे कुत्री व्याली की लोक त्याला बोलवायचे. तो एकेक पिल्लू उचलायचा आणि सांगायचा, हे जगंल, हे नाही जगणार. तोंडावर सांगायचा. ही खोड त्याच्या बायकोला, जमनीला, फार आवडायची. "आमच्या मानसाले खोटं बोलताच येत नाही," ती नळावर बायांना सांगायची.

अठ्ठावन्न साली सदाशिवरावांची सून विजयमाला दिवाळीला माहेरी अमरावतीला गेली. तिथे एका इंजिनियरच्या बायकोच्या मांडीवर तिने एक पांढरं, झुबकेदार कुत्रं पाहिलं. एवढंसं. बाई त्याला पर्समध्ये घालून सिनेमाला नेत होती म्हणे. विजयमाला परत आली ती तेच डोक्यात घेऊन. सदाशिवरावांना कापूस सोडून दुसरं काही कळत नव्हतं, पण दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही, हे मात्र पटकन कळायचं. त्यांनी नेमसिंगला ओसरीपुढे उभं केलं आणि दीडशे रुपये हातावर ठेवले.

"नागपूरले जाय. तिथं एक मेमसाब असे कुत्रे इकते, सूनबाईनं पत्ता लिहून देल्ला. चांगलं पाहून आन."

"चांगलं म्हन्जे कसं, मालक?"

"अबे, चांगलं म्हन्जे चांगलं! तुले कुत्र्यातलं समजते ना?"

चांगलं आणायचं, एवढंच नेमसिंगच्या ध्यानात राहिलं.

मेमसाब म्हणजे एका रिटायर झालेल्या रेल्वे गार्डाची म्हातारी बायको. तिच्या व्हरांड्यात टोपलीत तीन पिलं होती. मोठ्याचे साठ रुपये, मधल्याचे नव्वद आणि सगळ्यात लहानाचे पुरे दीडशे.

"लहान तर महाग काहून?" नेमसिंगने विचारलं.

"सबको छोटाच मंगता," म्हातारी म्हणाली.

नेमसिंग खाली बसला. आधी त्याने आई मागितली. आई पाहिल्याशिवाय पिल्लू केवढं होईल हे कळत नाही. आई मांजरीएवढी होती, पण पायाने सरळ आणि डोळ्याने स्वच्छ. मग त्याने धाकटं पिल्लू तळहातावर घेतलं. पावशेरसुद्धा भरलं नसतं. कपाळ पुढे आलेलं, डोळे बटबटीत, अंग थरथरत होतं. त्याने अंगठा डोक्यावरून फिरवला. टाळू भरलेली नव्हती. तान्ह्या लेकरासारखी मधोमध मऊ लागली. ओठ वर केला तर हिरड्या पांढऱ्याफटक. मधलं पिल्लू तोंडाने श्वास घेत होतं. मोठ्याच्या पाठीमागे त्याने टिचकी वाजवली, तसं ते गर्रकन वळलं आणि त्याच्या बोटाला झोंबलं. हिरड्या लाल, पोट मऊ, शेपटीखाली कोरडं. मोठं म्हणजे तरी केवढं? दोन्ही ओंजळीत मावेल एवढं.

त्याने साठ रुपये मोजले. परतीच्या मोटारीत पिल्लू त्याच्या बंडीत झोपलं होतं आणि मालकाचे नव्वद रुपये वाचवले म्हणून तो खुशीत होता.

विजयमाला धावत बाहेर आली. पिल्लू पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने मूठ वळून त्याच्याशेजारी धरली.

"हे कुत्रं आहे," ती म्हणाली.

"होय जी, कुत्रंच हाये," नेमसिंग म्हणाला.

ओसरीवर बसलेली माणसं खो खो हसली. सदाशिवराव हसले नाहीत. उरलेले पैसे नेमसिंगने पुढे केले होते, ते त्यांनी हिसकून घेतले.

"साठचं आनलं? दीडशे देल्ले होते ना?"

"मालक, दीडशेचं जगत नाही. टाळू नरम हाये त्याची. हे मोठं..."

"माह्या पैशाची तुले कायची चिंता बे? साऱ्या गावात माही इज्जत साठ रुपयाची केली तू!" त्यांनी पायातला जोडा काढला. पहिला जोडा कानावर बसला, दुसरा तोंडावर. नेमसिंगने पिल्लू छातीशी धरलं होतं म्हणून त्याला हात वर करता आले नाहीत. विजयमाला म्हणाली, "मामाजी, पुरे," आणि आत निघून गेली.

"ने ते तुह्या तांड्यात," सदाशिवराव म्हणाले, "आन् तुह्या सालातून कापतो मी साठ रुपये."

जमनीने नवऱ्याचा सुजलेला कान पाहिला, पिल्लू पाहिलं, आणि आधी पिल्लाला बकरीचं दूध पाजलं. तिला मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. पिल्लाचं नाव तिने चिमी ठेवलं. महिनाभरात चिमी तांड्याच्या मोठ्या कुत्र्यांवर भुंकू लागली. जमनी सरपणाला निघाली की ही तिच्या घागऱ्यामागे टुणटुण उड्या मारत जायची.

इकडे सदाशिवराव स्वतः जीप घेऊन नागपूरला गेले आणि ते दीडशेचं पिल्लू घेऊन आले. म्हातारीने त्यांना बजावलं होतं की दर दोन तासांनी दूध पाजा, ऊब द्या, तीन महिने न्हाऊ घालू नका. त्यांनी ते ऐकलं आणि तिथेच सोडलं. पिल्लू विजयमालाच्या खरंच मुठीत मावायचं. ते गोठ्यासमोरून नेताना तिने नेमसिंगला दाखवलं. "बघ, असं सांगितलं होतं."

नेमसिंगने पाहिलं आणि खोड आडवी आली.

"बाईसाहेब, थंडीत पानी लावू नका त्याले. फिट आली तं गुळाचं पानी चाटवा. तरी आठ-पंधरा दिवसांच्या वर..."

"तोंड आवर," ती म्हणाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यवतमाळहून तिच्या मैत्रिणी यायच्या होत्या. त्या सकाळी विजयमालाने पिल्लाला साबण लावून न्हाऊ घातलं, गळ्यात लाल रिबीन बांधली. बायका येऊन बसल्या. पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं. दूध पाजायची कोणाला आठवण राहिली नाही. तिळगूळ वाटता वाटता ते एका पाहुणीच्या मांडीवर ताठ झालं, तोंडातून फेस आला, चारही पाय सायकल मारल्यासारखे हलले आणि थांबले. पाहुणीने किंचाळून ते झटकलं. ते फरशीवर वाण लुटायच्या वाट्यांमध्ये पडलं.

संध्याकाळ व्हायच्या आत घरात ठरलं की नेमसिंगच्या जिभेने ते खाल्लं. आठ-पंधरा दिवस तोच म्हणाला होता ना? काळ्या जिभेचा. गोठ्यासमोर त्याला कडूनिंबाला बांधून वेताने मारलं. मारणारा सदाशिवरावांचा दिवाणजी भगवानराव होता, नेमसिंगच्याच बरोबरीचा, रोज त्याच्या चिलमीतून दम मारणारा. "बोल, काय केलं?" तो प्रत्येक फटक्याला विचारायचा. नेमसिंग आधी म्हणाला, "टाळू नरम होती." मग म्हणाला, "काही नाही केलं." शेवटी म्हणाला, "चुकलो." तेव्हा सोडलं आणि कामावरून काढून टाकलं.

दीड महिना तो घरीच होता. पाठ बरी झाली. पण आर्णीत त्याला कोणी काम देईना. सदाशिवरावांनी काढलेला माणूस कोण ठेवणार? जमनी बांधावरची भाजी खुडून आणायची, तीच दोन वेळा शिजायची. चिमीला मात्र ती आपल्या भाकरीतला तुकडा द्यायची.

मग भगवानराव तांड्यात आला. बाजेवर बसला, पाणी प्याला, पाठीचं विचारलंसुद्धा.

"बाईसाहेबाईनं ते पहिलं पिल्लू मांगितलं. घेऊन चाल. मालक कामावर घेते म्हंते."

"देनार नाही," जमनी म्हणाली.

नेमसिंगने चुलीकडे पाहिलं. चुलीत राख होती.

"मी उपाशी राह्यतो, तुमीबी राहा," जमनी नवऱ्याकडे वळून म्हणाली. "पन हे नका देऊ."

त्याने चिमीला उचललं. जमनीने त्याची बंडी धरली, ती फाटली. चिमीला वाटलं खेळच चाललाय. तिने बंडीची लोंबणारी चिंधी दातात धरली आणि तशीच त्याच्या काखेत बसून गेली.

विजयमालाने यावेळी तिला नीट पाहिलं. केस चांगले आले होते. "दिसायला बरी आहे. पण आता आहे एवढीच राहिली पाहिजे. अमरावतीला सांगतात, चमचा चमचा दारू पाजली की वाढ खुंटते."

"दारू नका पाजू, बाईसाहेब," नेमसिंग घाईने म्हणाला. "आतडी जळतात. मरंल थे."

"मग तू कर काहीतरी. तुला कळतं ना?"

त्याला कळत होतं. किती दिलं तर वाढतं आणि किती दिलं तर नुसतं जगतं, यातलं अंतर त्याच्याइतकं त्या मुलखात कोणालाच कळत नव्हतं.

"मी पाह्यतो," तो म्हणाला.

सकाळी दोन चमचे दूध-पाणी, दुपारी बोटभर भात, संध्याकाळी दोन चमचे. घरातल्या सगळ्यांना ताकीद होती की कुत्रीला फक्त नेमसिंगने खायला घालायचं. पहिले आठ दिवस चिमी वाटी चाटूनपुसून त्याच्या तोंडाकडे पाहायची, मग त्याच्या पायाशी लोळायची, मग भुंकायची. तो वाटी उलटी करून दाखवायचा. पंधरा दिवसांनी तिने भुंकणं सोडलं. ती शेणाला तोंड लावू लागली, तेव्हा त्याने तिला गोठ्यात येऊ देणं बंद केलं. फिट यायची लक्षणं दिसली की तो गुळाचं पाणी चाटवायचा. दोन दिवस एक चमचा वाढवायचा आणि पुन्हा काढून घ्यायचा. जीव त्याने एकदाही जाऊ दिला नाही. अंगावर केस दाट असल्याने बरगड्या दिसत नव्हत्या, फक्त हाताला लागायच्या.

विजयमालाच्या मैत्रिणी म्हणायच्या, वर्षाची झाली तरी केवढीशी! कोणाच्या हातची? विजयमाला अभिमानाने सांगायची, आमचा नेमसिंग आहे ना. मग यवतमाळचा एक वकील आला, वणीहून एक कंत्राटदार आला. नेमसिंग त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून नागपूरला जायचा, पिलं निवडायचा. सुरुवातीला तो म्हणायचा, साहेब, हे घ्या, हे जगंल. साहेब म्हणायचे, हे तर मोठं दिसतं. तिसऱ्या खेपेपासून तो आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागला. ज्याच्यावर त्यांची नजर ठरायची ते उचलायचा, टाळूवर अंगठा न फिरवता म्हणायचा, "एकदम फस्क्लास." लोक त्याला जुने कोट द्यायचे, पाच-दहा रुपये द्यायचे. सदाशिवरावांनी त्याचे कापलेले साठ रुपये परत दिले, वर पागोटं दिलं. पिल्लू आठ दिवसांत मेलं तरी कोणी त्याला विचारायला आलं नाही, दुसरं आणायला आलं.

जमनी नळावर आता त्याच्याबद्दल बोलत नसे.

एकसष्ट साली विजयमालाला मुलगा झाला आणि कुत्री नजरेतून उतरली. एकदा चिमी खुर्चीवरून उतरायला गेली आणि तिचा पुढचा पाय काडीसारखा मोडला. एवढ्याशा उडीने. बाळाच्या खोलीत घाण नको म्हणून तिला गोठ्यात टाकलं. आता कोणाची ताकीद नव्हती. नेमसिंगने त्या दिवशी वाटीभर दूध तिच्यापुढे ठेवलं, साय असलेलं. तिने दोन चमच्यांएवढं चाटलं आणि तोंड फिरवलं. त्याने बोटाला लावून चाटवलं. ती ओकली.

तिसऱ्या दिवशी जमनी गोठ्यात आली. तीन वर्षांत तिने त्या फाटकात पाऊल ठेवलं नव्हतं. भगवानराव आडवा आला, पण तिच्याकडे पाहून बाजूला झाला. तिने चिमीला ओढणीत घेतलं आणि भर बाजारातून तांड्यात नेलं.

जमनीने पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. दर घटकेला थेंब थेंब दूध पाजलं. पाय वाकडा जुळला, पण जुळला. चिमी अंगणात उन्हाला बसू लागली, जमनीला पाहून शेपटी हलवू लागली. नेमसिंग मात्र संध्याकाळी घरी आला की त्याच्या पावलांची चाहूल लागताच ती तीन पायांवर खुरडत बाजेखाली जायची आणि तो झोपेपर्यंत बाहेर यायची नाही.

एकदा तो बाजेखाली वाकला. हातात भाकरी होती. आतून बारीक गुरगुर आली, मग लघवीचा वास आला.

"काहून घाबरवता तिले?" जमनी म्हणाली. "तुमी बाहेर जेवत जा."

तेव्हापासून तो अंगणात जेवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात चिमी मेली. जमनीने तिला कुठे पुरलं ते त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्याच आठवड्यात वणीच्या कोळशाच्या खाणीवरचे एक साहेब तांड्याच्या तोंडाशी जीप उभी करून हॉर्न वाजवत होते. त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता, मुठीत मावेल असं पाहिजे होतं. नेमसिंगने कोट चढवला, पागोटं बांधलं. जमनी दारात दाणे पाखडत होती. तिने सूप बाजूला घेऊन त्याला वाट दिली, वर पाहिलं नाही.

"तब्येतीनं चांगलं असलं पाहिजे हं," साहेब गाडी वळवता वळवता म्हणाले.

"होय जी," नेमसिंग म्हणाला.