सुपडूचा सोमवार

आमच्या पलटणीला आसामपलीकडच्या डोंगरात जायची ऑर्डर आली, तेव्हा मी लान्स नाईक होतो. एकाहत्तरची लढाई अजून व्हायची होती. मी नुकताच हायजीन कोर्स करून आलो होतो, म्हणून कंपनीला तापापासून वाचवायचं काम माझ्याकडे. छापील पत्रक तोंडपाठ. पाणी उकळूनच प्या. सूर्य मावळण्याआधी बाह्या खाली करा. मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. दर सोमवारी जेवणानंतर मलेरियाची गोळी घ्या.

आता मी गावोगाव हेच सांगत फिरतो. आपली पोरं भरतीला जातात, तिकडच्या रस्त्यांच्या कामावर जातात, आणि त्यांना वाटतं जंगलात भीती वाघाची. वाघ मी एकही पाहिला नाही. डास पाहिले.

सुपडू माझ्याच सेक्शनमधला. भडगावजवळच्या गिरणाकाठचा. मी जामनेरचा. पलटणीत खानदेशी आम्ही दोघंच. संध्याकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज राहायची वेळ, संपला की तो गिरणेचं काढायचा. वाळूतली टरबुजं, कळण्याची भाकरी, उन्हाळ्यातलं गुडघाभर पाणी. ऐकता ऐकता ती नदी माझीही झाली.

तो सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या आईने, तिला सगळे अक्का म्हणत, सोमवारांचा नवस बोलला होता. तो येईपर्यंत मायलेकांनी धरायचे. दिवसभर उपास, दिवेलागणीनंतर जेवण.

पहिल्या सोमवारी दुपारच्या जेवणानंतर मलेरिया परेड झाली. मी त्याच्यापुढे गोळी धरली.

"आज मना उपास शे, भो. रातले जेवण झाये का लिसू."

"विसरशील."

"तुले भुली जासू, गोळीले नही."

हवालदारसाहेब हसले. "रात को खा लेना, पंडित." फौजेत कुणाच्या देवाधर्माच्या आड कुणी येत नाही. पत्रकातही 'जेवणानंतर' असंच होतं. उपासवाल्याने काय करायचं, हे लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं. देशातली निम्मी घरं आठवड्यातला एक वार उपाशी असतात, आणि पत्रक लिहिणाऱ्याला ते ठाऊक नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गोळी तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. तिकडे पाऊस थांबत नाही. थांबला तर घाम थांबत नाही. एकदा हवालदारसाहेबांनी त्याला फॉल-इनमध्येच झापलं, "जेब सफेद कैसे? चूना खाता है?" आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, घामाचं मीठ.

पुढे गस्तीवर, पोस्टपासून दोन दिवसांच्या वाटेवर, त्याला हुडहुडी भरली. अंग चटके देत होतं.

"गोळ्या घेतल्यास ना सगळ्या?"

"बठ्ठ्या. खिसामां वल्ल्या व्हयेल व्हत्या. चाटी लिन्यात."

तेव्हा मला तो पांढरा खिसा समजला. रात्री बोटाला लागेल तेवढं पीठ चाटून त्याचं समाधान होत होतं. बाकी सगळी गोळी पावसाने धुऊन नेली होती.

मी औषध दिलं. उलटून पडलं. पुन्हा दिलं. पुन्हा तेच. मग रेडिओ.

"कॅज्युअल्टी एक. जोराचा ताप, शुद्ध जातेय. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"ढग खाली आहेत. उडता येणार नाही. उचलून आणा. ओव्हर."

"रॉजर. आउट."

बांबू तोडून स्ट्रेचर केलं. खांदे बदलत चाललो. दुसऱ्या दिवशी एक ओढा ओलांडताना पाण्याच्या आवाजाने त्याने डोळे उघडले.

"गिरणा उनी का रे, भो?"

"उनी." आली म्हणून खोटंच सांगितलं.

"मंग उतार माले."

पोस्ट दिसायच्या आत तो गेला.

गुडघा निकामी झाला म्हणून मी लवकर घरी आलो. पहिल्यांदा अक्काकडे गेलो आणि काही न लपवता सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"देव रुसत नही, गोळी खाई ले, आसं त्याले कोनीच सांगं नही का?"

"नाही, अक्का. कुणीच नाही."

आता त्या गावातलं पोर भरतीला निघालं की ती भाकरी घेऊन एस.टी.पाशी उभी असते. सोमवार असला तरी. पोराने उपास म्हटलं तर त्याच्या हातात तुकडा कोंबते.

"आधी खा. तठे गोळी बी सगळास्ना समोर गिळ. सुपडूना सोमवार मी करस."

अक्काकडून परतताना मी गिरणेच्या पुलावर उतरतो. उन्हाळ्यात पाणी खरंच गुडघाभर असतं. त्याने सांगितलं होतं तेवढंच. कठड्याला टेकून उभा राहतो आणि म्हणतो, उनी रे, सुपडू. उनी.