चाचांची वाटणी

आमच्या कंपाउंडमधल्या बायका एका विषयावर कितीही वाद घालू शकतात आणि अजिबात दमत नाहीत. पोरांना त्या निवडक शाळेत घातल्यानं पुढं कॉलेजच्या ॲडमिशनला खरंच फायदा होतो का, हा तो विषय. इथं सौदीत, दम्माममध्ये भारतीय शाळा पुष्कळ आहेत, पण ही एकच अशी, की नववीसाठी प्रवेश परीक्षा घेते, मुलाखत घेते आणि मोजक्याच पोरांना आत घेते. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्या आया आठवडाभर शाळेत काही दम नाही असं सांगत फिरतात, आणि पुढच्या वर्षी धाकट्याचा फॉर्म भरतात.

या वेडाला कारणही आहे. बारावीनंतर आमची पोरं इथं फारशी राहत नाहीत. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, बापाच्या नोकरीवर, घर कंपनीचं, आणि शिकायला जायचं ते भारतात नाहीतर आणखी लांब. त्यामुळं पोरगं नववीत गेलं, की घरात ॲडमिशन हा शब्द मिठासारखा प्रत्येक गोष्टीत पडायला लागतो.

माझ्या लेकीला समुद्राचा अभ्यास करायचा होता, आणि तोही कॅनडातल्या एका विशिष्ट विद्यापीठात. आम्ही नवराबायको नाशिकचे. आमच्या दोन्ही घराण्यांचा समुद्राशी संबंध म्हणजे एकदा गणपतीपुळ्याला जाऊन कपडे भिजवून आलो, एवढाच. पण पोर इथं आखाताच्या काठावर वाढली, ओहोटीला खेकड्यांमागं पळून. तिला तिथंच जायचं होतं, दुसरीकडं नाही, आणि आमच्या घरात हट्ट कुणाकडून आलाय हे विचारायची सोय नाही.

नवऱ्याचं म्हणणं, त्यासाठी निवडक शाळाच हवी. हा अबकैकला तेलाच्या प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर. जगातली कुठलीही गोष्ट पाइपात घालून बाहेर काढल्याशिवाय त्याला समजत नाही. चांगलं क्रूड आत घातलं की चांगलंच बाहेर येणार, असं त्यानं मला समजावलं. मी म्हटलं, क्रूडच निवडून चांगलं घेतलं तर मग प्लांटचं कौतुक कशाला करायचं? यावर त्यानं चहात आणखी एक चमचा साखर घातली. मग म्हणाला, क्रूडमधला गंधक तरी काढावा लागतोच. आमच्या पोरीत गंधक होता हे मलाही मान्य होतं, म्हणून फॉर्म भरला. तिचा नंबर लागला, आणि मी लगेच शाळेच्या बाजूनं वाद घालायला लागले.

शाळेत गेल्यावर पहिल्यांदा कळलं ते हे, की आमची पहिली येणारी पोर तिथं मधेच कुठंतरी आली. तिथं सगळेच आधीच्या शाळेत पहिले आलेले. मग नुसत्या मार्कांनी भागणार नाही, निबंधात काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे, अशी हवा सुरू झाली. आमच्या आधीच्या बॅचमधल्या एका मुलीला अमेरिकेत मोठ्या ठिकाणी ॲडमिशन मिळाली होती. तिनं म्हणे एका सफाई कामगार बाईंना वाचायला शिकवलं आणि त्यावर निबंध लिहिला. ती बातमी कंपाउंडमध्ये पसरली आणि प्रत्येक आई मनातल्या मनात शिकवता येण्याजोगा माणूस शोधायला लागली.

मला माणूस चटकन सापडला. आमच्या गेटला लागून एक बकाला आहे. बकाला म्हणजे इथलं किराणा दुकान. ते चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे, वर्षानुवर्षं इथंच. दुकानात एसी, माणूस सज्जन, आणि वर मराठी बोलणारा. मी त्यांना म्हटलं, माझी लेक तुम्हाला इंग्रजी शिकवेल, शनिवारी संध्याकाळी. चाचांनी माझ्याकडं बघितलं, दह्याचे डबे फ्रीजमध्ये लावले आणि बरं म्हणाले. त्यांना शिकायचंय का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट मीच त्यांना बजावलं, की हे कुणाला सांगू नका. आयडिया चोरीला जायची भीती होती.

दोन वर्षं लेक शनिवारी चाचांकडं जात होती. तिथं नेमकं काय चालायचं ते मला नंतर कळलं. ती शीतपेयाच्या क्रेटवर बसून क्रीमची बिस्किटं खायची, इंग्रजीचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवायची आणि माझ्याविषयी तक्रारी सांगायची. मराठीत. त्या दोन वर्षांत चाचांचं इंग्रजी होतं तिथंच राहिलं, पण माझा स्वभाव त्यांना तोंडपाठ झाला.

मग बारावीचं वर्ष आलं. निबंध लिहून झाले आणि शाळेतल्या काउन्सेलर मॅडमनी आमच्या कंपाउंडच्या सगळ्या पालकांना बोलावलं. खास आम्हालाच बोलावलंय, म्हणून आम्ही फुशारलो होतो. मॅडमनी दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, की तुमच्या कंपाउंडमध्ये किराणा दुकानदार किती आहेत?

सात पोरांनी सात निबंध लिहिले होते. सातही चाचांवर. सातही जणांनी म्हणे चाचांना इंग्रजी शिकवलं होतं, आणि सातही निबंधांत चाचांचे खरखरीत हात होते. मॅडमनी सांगितलं, की विद्यापीठवाले एका शाळेतून आलेले अर्ज शेजारीशेजारी ठेवून वाचतात. हेच सातजण सात साध्या शाळांत असते तर कुणाला पत्ता लागला नसता. इथं एकमेकांना घेऊन बुडणार. ज्याचा त्यानं वेगळा विषय घ्यावा, आणि रविवारपर्यंत द्यावा.

खोलीत कुणी कुणाकडं बघेना. आम्ही सगळ्याजणी दर महिन्याला एकत्र इडल्या खाणाऱ्या, एकमेकींच्या पोरांच्या तापात रात्र काढणाऱ्या बायका. आणि प्रत्येकीनं दोन वर्षं गुपचूप चाचांना आठवड्यातला एकेक दिवस लावून ठेवला होता. माझा शनिवार, शेजारणीचा रविवार, समोरचीचा मंगळवार, बुधवारी तर दोघींची पोरं, एक दुपारी आणि एक रात्री. शुक्रवारी तेवढी त्यांची नमाज आणि सुट्टी म्हणून ते वाचले. मला प्रचंड राग आला होता. सगळ्यांचा, चाचांचाही. हसू यायला दोन दिवस लागले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी चाचांना सुट्टीत दुकान उघडायला लावून सगळ्या आया पोरांना घेऊन बकाल्यात शिरल्या. चाचा कोणाचे, हे चाचांनीच सांगावं असं ठरलं होतं. माझी लेक घरीच होती. असल्या ठिकाणी मी येणार नाही, लाज वाटते, असं तिनं इंग्रजीत सांगून दार लावून घेतलं. तिला पटवण्यात माझा वेळ गेला आणि आम्ही दोघी सगळ्यात शेवटी पोचलो.

तोवर वाटणी होत आली होती. चाचा दुकानदार. सात गिऱ्हाइकांतल्या एकीलाही दुखवायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी स्वतःलाच किलोच्या मापानं वाटावं तसं वाटायला घेतलं होतं. शेजारणीच्या मुलीला इंग्रजी दिलं, कारण तिनं निदान एबीसीडी तरी गिरवून घेतली होती. आर्किटेक्ट व्हायचं असलेल्या पोराला त्यांचं गावचं घर मिळालं, त्यानं त्यांना नवीन पडवीचा नकाशा काढून दिला होता. डॉक्टर होणाऱ्या मुलाला गुडघा. तो खरंच दर सोमवारी चाचांकडून गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायचा. कॉम्प्युटरवाल्याला दुकानातलं बिलाचं मशीन, एकीला त्यांचा मोबाइल, एकाला कॅरम. चाचा गल्ल्यामागं उभं राहून एकेकाला भाग देत होते आणि आया माना डोलवत होत्या.

आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला.

"तुझ्यासाठी काय ठेवू गं पोरी," ते लेकीला म्हणाले. "तू मला काय शिकवलंच नाय. खलास झालं सगळं."

रविवार तोंडावर, त्या विद्यापीठाखेरीज पोरीच्या डोक्यात दुसरं काही नाही, आणि दोन वर्षांच्या समाजसेवेतून निघाली काय तर बिस्किटं. मी सरळ डॉक्टरवाल्याच्या आईला बाजूला घेतलं आणि अर्धा गुडघा मागितला. एका पायाचे दोन भाग होत नाहीत, असं ती म्हणाली. मी म्हटलं, दुसरा पाय आहे की. तो ठणठणीत आहे, त्याचा काय निबंध होणार, असं म्हणून ती पोराला घेऊन निघून गेली. पुढचे काही महिने आम्ही फक्त इडलीच्या पिठापुरतं बोललो.

घरी येऊन मी लेकीवर तोंडसुख घेतलं. बाकीची पोरं निदान काहीतरी करत होती, तू नुसती चरत होतीस, वगैरे. ती ऐकून घेत होती आणि मग एकदम हसायला लागली. हसता हसता रडली. मीही तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मला तिची काळजी वाटत होती, आणि तिच्याहून जास्त भीती वाटत होती, की या सगळ्या खटाटोपात मीच तिचा घास काढून घेतला की काय.

"आई, मी खरंच लिहू का?" तिनं विचारलं.

तिनं वाटणीच लिहिली. सात हुशार पोरं, त्यांच्या सात हुशार आया, आणि ज्याला कुणी काही विचारलं नाही असा एक माणूस. स्वतः काही न शिकवता बिस्किटं खाल्ली हेही लिहिलं. अर्ध्या गुडघ्याचा प्रसंग मी गाळायला सांगितला, तो तिनं ठळक केला. नवऱ्यानं वाचून डोक्याला हात लावला. आपली अब्रू आपणच टपालानं कॅनडाला पाठवतोय, असं तो म्हणाला. मॅडम मात्र वाचताना एवढ्या हसल्या म्हणे, की त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग त्यांनी त्यात एक शब्द न बदलता अर्ज पाठवायला सांगितलं.

लेकीला हव्या त्याच विद्यापीठात ॲडमिशन मिळाली. गुडघ्याला बंगलोरला मिळाली, कॅरमला पुण्यात, बाकीच्यांचीही कुठं ना कुठं सोय लागली. कंपाउंडमध्ये वाद परत सुरू झाला. एक पक्ष म्हणतो, बघा, शाळेचाच गुण. दुसरा म्हणतो, ती साध्या शाळेत असती तर पहिली आली असती आणि कुणाचा गुडघा न मागता गेली असती. नवऱ्याला कुणी विचारलं की तो क्रूड आणि प्लांट सांगायला लागतो. मी मात्र पहिल्यांदाच कुठल्याच पक्षात गेले नाही. मला खरंच माहीत नाही. त्या शाळेत घातलं नसतं तर वाटणी झाली नसती, आणि वाटणी झाली नसती तर तो निबंध झाला नसता. याचं श्रेय शाळेला द्यायचं की बिस्किटांना, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ऑगस्टमध्ये तिला सोडायला आम्ही दोघं दम्मामच्या विमानतळावर गेलो. आदल्या दिवशी ती चाचांना सांगायला गेली होती. त्यांनी विचारलं, कधी येशील परत, आणि तिनं क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडून त्यांच्यापुढं धरला. विमानतळावर तिनं मला मिठी मारली, बापाला मारली, आणि आत जाताना एकदाच मागं वळून हात केला. आत जायची घाई तिच्या चालण्यात दिसत होती. चार वर्षं आम्ही तिला हीच घाई शिकवली होती.

परत येताना गाडी मी चालवत होते. नवरा शेजारी बसून रिकाम्या मागच्या सीटकडं बघत होता, तिची पाण्याची बाटली तिथंच राहिली होती. मी म्हटलं, चला, शाळेचा उपयोग झाला म्हणायचा.

"जरा जास्तच झाला," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही.