तीन अक्षरांचा सूड

वडील ओमानमधल्या एका छोट्या गावात इलेक्ट्रिशियन होते. तिथे भारतीय शाळा नव्हती, म्हणून मी दहावीपर्यंत अरबीतून शिकले. घरी मराठी, शाळेत अरबी, आणि इंग्रजी एक विषय म्हणून. मग आम्ही नाशिकला परतलो.

कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी मला धडा मोठ्याने वाचायला लावला. मी 'फर्म'ला 'फार्म' वाचलं, 'फॉर्म'ला 'फ्रॉम'. सर हसले. "हिला स्वर दिसतच नाहीत! तुमच्या ओमानात रमजानला अक्षरांनाही उपास घडवतात का गं?" सगळा वर्ग खिदळला. पुढची तीन वर्षं मुलं मला 'फार्म-फर्म' म्हणायची. मी वर्गात वाचायचं सोडलं.

कारण मला एम.ए.ला कळलं. भाषाशास्त्राच्या बाईंनी समजावलं, की अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. क-त-ब घेतलं की त्यातून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे कचेरी. मधले आखूड स्वर सहसा लिहीतच नाहीत. त्यामुळे अरबीवर वाढलेला डोळा इंग्रजीतही आधी व्यंजनं टिपतो आणि स्वरांवरून घसरतो. म्हणजे मी मठ्ठ नव्हते. मला रडू आलं, आणि त्यामागोमाग संताप.

आता माझं नाशिकातच द्वारका चौकाजवळ भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. गेल्या वर्षी सर तिथे आले, सोबत त्यांचा मुलगा. मुलाने दुबईत नोकरी केली होती, त्याचा अरबीतला अनुभवाचा दाखला इंग्रजीत करून हवा होता. सरांनी मला ओळखलं नाही.

"मॅडम, अरबी वाचायला अवघड असते का हो?" त्यांनी सहज विचारलं.

मी कागद ओढला आणि 'क त ब' लिहिलं. "वाचा."

"कतब."

"चूक. इथे 'कुतुब', म्हणजे पुस्तकं." खाली पुन्हा तेच लिहिलं. "आता?"

"कुतुब."

"चूक. इथे 'कतबा', त्याने लिहिलं." तिसऱ्यांदा लिहिलं.

वाक्याशिवाय ते कुणालाच सांगता आलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

"सर, तुम्हाला स्वर दिसत नाहीत का?"

बाकावर थांबलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मुलगाही हसला. सरांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"तू... आमच्या कॉलेजची का?"

"हो."

"मी तेव्हा गंमत केली होती गं."

"मीही आत्ता गंमतच केली."

दाखला मी चोख करून दिला, एका स्वराचीही चूक नाही. पण न्यायला मुलगा एकटाच आला. "बाबा येत नाही म्हणाले," तो खाली बघत बोलला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. त्या दुपारी मी डबा चवीने खाल्ला.