अर्वेलाबाईंचा रिकामा आठवडा

पिस्तूल झाडून कोणीही बघतं. त्याला काय अक्कल लागते? आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ते येतं. अर्वेला स्टिडमबाईंचं म्हणणं असं, की लपवून बाळगायचं पिस्तूल झाडून नव्हे, बाळगून पारखावं. आणि तेही रिकामं.

केंटकीच्या या डोंगरात माझं बंदुकांचं दुकान आहे. कंपन्यांची चकचकीत पत्रकं ढिगाने येतात, पण गावातल्या बायका त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. "अर्वेलाबाईंनी पास केलंय का?" एवढंच विचारतात. बाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मीही त्याच बसमधून शाळेत गेलो, त्यामुळे माझी पन्नाशी उलटली तरी त्या मला अरे-तुरे करतात आणि मी निमूट ऐकून घेतो.

त्यांची रीत अशी. नवं छोटं पिस्तूल आलं की मी ते पूर्ण रिकामं करायचो, आतलं यंत्र मात्र ताणून ठेवायचो. मग सात दिवस ते बाईंच्या कमरेला. त्या वाकून खालच्या फडताळातून तवा काढणार, पिठाची गोणी उचलणार, गाडीत चढणार-उतरणार. रविवारी चर्चमध्ये पाद्र्याची बायको सगळ्यांना घट्ट मिठी मारते. तिच्या हाताला पिस्तूल लागलं तर ते तिथल्या तिथे नापास. आणि रोज झोपण्यापूर्वी चाप बघायचा. पुढे असला तर ठीक. मागे दबून राहिला असेल, तर दिवसभरात तो कशाने तरी ओढला गेला. म्यानाच्या कडेने म्हणा, सदऱ्याच्या टोकाने म्हणा. आत गोळी असती तर मांडी फुटली असती.

स्वतःकडे मात्र त्यांचं जुनं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. दर रविवारी त्याला तेलाने न्हाऊ घालायच्या. "बाई, हे झाडायचंय की तळायचंय?" मी वीस वर्षं विचारत आलो. "तेल गोळ्यांत मुरतं हो. ऐन वेळी उडणार नाहीत."

"तुझी जीभ उडायची कधी थांबते ते बघ," त्या म्हणायच्या आणि आणखी तेल न्यायच्या.

रोज संध्याकाळी सहाला त्या सराव करत. पाच गोळ्या काढून बशीत ठेवायच्या, बैठकीतल्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर नेम धरायचा आणि दहा वेळा रिकामा चाप ओढायचा. टक, टक, टक. हात तरबेज राहतो. चाळीस वर्षं एक दिवस चुकला नाही.

ऑगस्टमध्ये त्यांची भाची ट्वायला राहायला आली. तिच्या नवऱ्याने, डेलने, तिचा हात पिरगाळून मोडला होता. तो तुरुंगात होता आणि ऑक्टोबरच्या नऊ तारखेला सुटणार होता. सुटल्यावर कुठे येणार हे त्याने पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ट्वायलाला पिस्तूल हवं होतं, आणि आत्याने पारखल्याशिवाय ती कशालाही हात लावणार नव्हती. ऑक्टोबरच्या एक तारखेला मी बाईंना एक चपटं, तळहाताएवढं पिस्तूल दिलं. सोबत त्यांच्या रिव्हॉल्व्हरसाठी नव्या गोळ्यांची पेटीही बळेच हातात कोंबली.

"ते रिव्हॉल्व्हर आठवडाभर खणात राहील," त्या म्हणाल्या. "आठ तारखेला हे उतरवलं की नव्या गोळ्या भरते. तोवर कटकट नको."

"आणि संध्याकाळचा सराव?"

"पोरगी आल्या दिवशीच बंद केला. सोफ्यावर निजते ती, बरोबर त्या बटणाखाली. समोर माणूस असताना नेम धरायचा नाही, हे मी तुला शिकवायचं की तू मला?"

पहिले दोन दिवस पिस्तूल शहाण्यासारखं वागलं. चौथ्या सकाळी बाई तणतणत दुकानात आल्या. "चाप मागे होता रे काल."

मी म्यान तपासलं. एक कड जरा मऊ होती. दुसरं कडक म्यान दिलं, यंत्र पुन्हा ताणून दिलं. पाचव्या सकाळी बाई परत हजर. या वेळी तणतण नव्हती. कुजबुजत म्हणाल्या, "कालही मागेच. मी दिवसभर पट्ट्याला हात लावला नाही, वेंडेल. देवाशपथ."

पिस्तुलात काही खोट नव्हती. मी ते उघडलं, आपटलं, उलटं टांगलं, चाप जागचा हलला नाही. कोणीतरी बोटाने ओढल्याशिवाय तो मागे जाणंच शक्य नव्हतं. मला ते आवडलं नाही. मी शेवटी बाईंच्या पर्समधली लाल लिपस्टिक मागितली आणि यंत्र ताणून चापावर तिचा पातळ हात दिला. ज्याने ओढला असेल त्याच्यावर डाग राहील.

सहाव्या सकाळी त्या आल्या ते उजवा हात कोटाच्या खिशात घालून. थेट काउंटरपाशी आल्या. मग हात काढून माझ्यापुढे धरला. पहिल्या बोटाच्या पेरावर लाल डाग होता.

"मी लावला नाही हात," त्या म्हणाल्या. "माझं बोट आहे, मला कळणार नाही?"

मी यंत्र ताणून, चापावर पुन्हा लिपस्टिक लावून पिस्तूल परत दिलं आणि त्या संध्याकाळी साडेपाचला त्यांच्याकडे गेलो. ट्वायला पहाटेपासून वृद्धाश्रमात राबून नुकतीच आली होती, पायरीवर बसून बूट काढत होती.

"काका, या घरात काहीतरी आहे," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "आत्याला सांगू नका, हसेल मला. सोफ्यावर पडले की डोळा लागतो ना, तेवढ्यात ऐकू येतं. टक, टक, टक. मी आले तेव्हापासून, रोज. मी मोजलेत. दहा."

"आता पण?"

"नाही. या आठवड्यात आधी दोन दिवस काहीच नव्हतं. आता रोज एकच येतो."

मी मनाशी हिशेब केला. रिव्हॉल्व्हरचा चाप हवा तितक्या वेळा ओढता येतो. माझं छोटं पिस्तूल एकदा ताणलं की एकदाच ओढता येतं.

आत बाईंनी पीचचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेली गोड पोळी, कापून ठेवला होता. ट्वायला भिंतीकडे तोंड करून सोफ्यावर कलंडली आणि दोन मिनिटांत झोपली. बाहेर चांगलं ऊन होतं, ते खिडकीतून तिच्या केसांवर पडलं होतं. वर ते पांढरं बटण. खुर्चीशेजारच्या फळीवर गोळ्या ठेवायची बशी होती. मी सहज बोट फिरवलं. बशीत धुळीचा थर होता.

बाई पाद्र्याच्या बायकोच्या चुगल्या सांगत होत्या. "बाई कसली, पोलीस आहे. मिठी मारते की झडती घेते, देव जाणे. मी तिला म्हटलं, जरा दमानं घे, माझी बरगडी…" घड्याळात सहा वाजले. त्यांचा डावा हात पायची बशी धरून होता. उजवा हात खाली गेला, सदरा बाजूला सारला, पिस्तूल बटणाच्या रोखाने वर आलं. किती सहज, किती सुंदर. इतका स्थिर हात मी जन्मात पाहिला नाही. "…मोडायची एखाद्या दिवशी," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

टक.

ट्वायला झोपेत जराशी हलली. हात खाली गेला, पिस्तूल म्यानात गेलं, सदरा सारखा झाला. बाई मला म्हणाल्या, "खा ना, गार होतोय." त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. मी खूप माणसं घाबरताना पाहिली आहेत, पण मी स्वतः इतका कधी घाबरलो नव्हतो.

"बाई," मी म्हटलं, "बोट बघा."

त्यांनी बघितलं. मग सोफ्याकडे बघितलं. मग बशीतल्या धुळीवरच्या माझ्या बोटाच्या रेघेकडे. त्यांनी पायची बशी हळूच खाली ठेवली आणि उजवा हात मांडीखाली दाबून, तसाच, मी निघेपर्यंत त्या त्यावर बसून राहिल्या.

सात तारखेला दुकान उघडायच्या आधीच त्या दारात होत्या. कमरेचं पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं. "हे पास आहे. ट्वायलाला दे. त्यात काही खोट नाही." मग पर्समधून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. "हेही घे. आणि तिला आजपासून तुझ्या घरी, बायकोपाशी झोपायला ने. कारण सांगू नकोस. मी म्हातारी घोरते म्हणून सांग."

"बाई, डॉक्टरांकडे जाऊ. मी नेतो."

"जाऊ. पण आधी ते उघड. मला घरी उघडवेना."

मी रिव्हॉल्व्हर उघडलं. पाचही गोळ्या आतच होत्या. एकेक करून हातावर घेतल्या. प्रत्येकीच्या बुडावर घोडा आपटल्याचा खळगा होता. एक नव्हे, खळग्यावर खळगा, खळग्यावर खळगा, दोन महिन्यांच्या संध्याकाळींचे. बोटांना तेल लागलं. मी पक्कड घेऊन एक गोळी उघडली, तर दारूचा काळा, तेलकट चिखल बाहेर आला.

बाईंनी तो पाहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला टोमणा मारला नाही. पर्समध्ये पुन्हा हात घातला आणि मी एक तारखेला दिलेली नव्या गोळ्यांची पेटी माझ्यापुढे ठेवली.

"उद्या भरणार होते," त्या म्हणाल्या.

पेटीचं सील तसंच होतं.